कणीक, कॅसेट आणि गीताबेन

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन केले आहे. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



काल रात्री जेवताना तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "तू नक्की काय करतंस रे?" पंचेचाळीस वर्षांनी भेटतोय, म्हणजे प्रश्न योग्यच आहे. मुंबईत मी आयुष्यभर ध्वनिमुद्रण केलं. जाहिराती, माहितीपट, थोडी नाटकं. आमची आई शेवटपर्यंत शेजारणीला सांगायची, "तो थय रेडिओ दुरुस्त करता." मी कधी तिला दुरुस्त केलं नाही.

आयोजकांनी मला सांगितलं होतं की तुझ्या क्षेत्राबद्दल वीस मिनिटं बोल. माझ्या कामाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. टूथपेस्टच्या जाहिरातीत दात घासण्याचा आवाज कसा काढतात, हे ऐकून तुम्हाला नाश्ता जाणार नाही. म्हणून मी एका बाईंबद्दल बोलणार आहे. त्या मालवणच्या नव्हेत, मराठीही नव्हेत. अहमदाबादच्या. पण त्यांची आणि आपली एक ओळख निघते, ती मी सांगतो. नाव गीता साराभाई. लग्नानंतर गीता मेयर. अहमदाबादेत सगळे गीताबेन म्हणत.

साराभाई म्हटल्यावर विज्ञानाच्या सरांनी मान वर केली, मी बघितलं. होय सर, विक्रम साराभाईंची बहीण. अंबालाल साराभाईंच्या मोठ्या कुटुंबातली मुलगी, जन्म १९२२चा. या घराने देशाला एकीकडे अवकाश संशोधन दिलं; दुसरीकडे गौतम आणि गिरा या भावाबहिणीने अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी केली, १९६१ साली. एनआयडी म्हणतात ती. आणि गीताबेन? गीताबेन पखवाज वाजवत.

आता हे आपल्याकडे सांगितलं तर कोणाला विशेष वाटणार नाही. आपल्याकडे दर वाडीत दोन पखवाजी असतात आणि तिसरा शिकत असतो. भजनाची डबलबारी असो, दशावतार असो, पेटी, पखवाज आणि झांज एवढ्यावर रात्र निघते. पण १९४०च्या सुमारास श्रीमंत घरातल्या मुलीने मांडीवर पखवाज घेणं म्हणजे काय, विचार करा. आजसुद्धा आपल्या भजनी मंडळांत किती मुली पखवाजावर बसतात, तुम्हीच मोजा. पखवाज वाजवणाऱ्या देशातल्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांचे गुरू होते पंडित गोविंदराव बुऱ्हाणपूरकर. म्हणजे निदान गुरूच्या बाजूने थोडं मराठीपण आलंच.

१९४६ साली या बाई न्यूयॉर्कला गेल्या. पाश्चात्त्य संगीताचा आपल्या संगीतावर जो परिणाम होतोय, त्याची त्यांना काळजी वाटत होती. घरी बसून नावं ठेवण्यापेक्षा ते संगीत काय आहे ते शिकून यावं, असं त्यांनी ठरवलं. सहा महिने शिकायचं आणि परत येऊन आपलं जपायचं. मला हा विचार फार आवडतो. आपल्याकडे डीजेला शिव्या देणारे पुष्कळ आहेत; डीजेच्या पेटीत काय आहे ते उघडून बघणारा मी एकही बघितला नाही. मी धरून.

तिथे त्यांना जॉन केज नावाचा संगीतकार भेटला. हा गृहस्थ तेव्हा तिशीत होता आणि पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे अडकवून वाजवत असे. पियानोतून मग घंटा, ढोल, पत्रा असे आवाज येत. शिकवण्याचे पैसे किती, असं गीताबेननी विचारलं. केज म्हणाला, काही नको, मी तुम्हाला आमचं शिकवतो, तुम्ही मला तुमचं शिकवा. असं पाचसहा महिने चाललं. एकदा त्याने विचारलं, तुमच्याकडे संगीत कशासाठी करतात? गीताबेननी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं. मतितार्थ असा, की मन शांत, निवळ व्हावं, म्हणजे त्यात वरचं काही उतरायला जागा होते. केजला हे उत्तर आयुष्यभर पुरलं. पुढे कित्येक ठिकाणी त्याने ते सांगितलं, लिहिलं. निघताना गीताबेननी त्याला रामकृष्ण परमहंसांच्या वचनांचं पुस्तक भेट दिलं. ते वाचायला त्याला वर्ष लागलं. त्याच दोनतीन वर्षांत त्याने त्या स्क्रू लावलेल्या पियानोसाठी वीस छोट्या रचना केल्या आणि त्यांच्या मागे आपल्या रसशास्त्रातली कल्पना ठेवली. शृंगार, वीर, करुण, आणि सगळ्यांचा कल शांताकडे. १९५२ साली त्याने एक रचना केली, तीत वादक पियानोपुढे चार मिनिटं तेहेतीस सेकंद काही न वाजवता बसतो आणि सभागृहात जे ऐकू येईल तेच संगीत. हसू नका. आपल्या बाई "गप रवा रे" म्हणाल्यावर वर्गात जे ऐकू यायचं, पंख्याची कुरकुर, बंदराकडचे कावळे, तेच ते.

स्क्रू लावायची युक्ती त्याला गीताबेननी दिली असं मात्र मी म्हणणार नाही. ती त्याची आधीपासूनची, १९४०ची. पण पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावणारी बाई आणि तारांना रबर लावणारा माणूस समोरासमोर बसले, तेव्हा एकमेकांचं म्हणणं समजायला फार वेळ लागला नसावा.

ही कणीक लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता ज्याला इलेक्ट्रोअकूस्टिक संगीत म्हणतात ते काय, ते सांगतो. शब्द मोठा आहे, गोष्ट साधी आहे. आवाज पकडायचा किंवा विजेपासून तयार करायचा, त्याच्यावर काम करायचं, आणि कर्ण्यातून, म्हणजे स्पीकरमधून ऐकवायचा. वाजवणारा समोर नसला तरी चालतं. पॅरिसमध्ये पिएर शेफर नावाच्या रेडिओतल्या माणसाने १९४८ साली आगगाडीचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांचीच एक रचना केली, तिथून या प्रकाराचा जन्म मानतात. मला यात एक उपसूचना मांडायची आहे. त्याच्या अकरा वर्षं आधी, १९३७ साली, प्रभातच्या 'कुंकू'त शांतारामबापूंनी वाद्यमेळाचं पार्श्वसंगीत टाळून प्रसंगातल्या खऱ्या आवाजांवर काम भागवलं होतं. संगीत केशवराव भोळ्यांचं. ती रचना नव्हे, चित्रपट आहे, मान्य. पण कान तोच.

फितीचं काम कसं चाले ते सांगतो, कारण आता ते बघायला मिळणार नाही. पाव इंच रुंदीची फीत. यंत्रातून सेकंदाला पंधरा इंच वेगाने जाते. म्हणजे पंधरा इंच म्हणजे एक सेकंद. अर्धा सेकंद हवा असेल तर पट्टीने साडेसात इंच मोजायचे, ब्लेडने तिरका छेद द्यायचा, चिकटपट्टीने जोडायचा. आपल्या बाजारातल्या शिंप्याला हे काम माझ्याआधी जमलं असतं. फीत उलटी लावली की आवाज शेवटाकडून सुरू होतो. अर्ध्या वेगाने चालवली की बरोबर एक सप्तक खाली जातो, आणि बाईंचा आवाज सरांसारखा येतो. दोन टोकं जोडून गोल केली की तोच तुकडा फिरत राहतो, दिवसभर.

विजेपासून आवाज काढायचं यंत्र अमेरिकेत रॉबर्ट मूग याने १९६४च्या सुमारास केलं. मूग सिंथेसायझर. कपाटाएवढी पेटी, तिला टेलिफोन एक्स्चेंजसारख्या वायरी. एक भाग नुसता सूर काढतो. त्याला जेवढा विजेचा दाब द्याल तेवढा सूर चढतो. एक व्होल्ट वाढवला की एक सप्तक वर. दुसरा भाग त्या सुरातला चरचरीतपणा कापतो, त्याला फिल्टर म्हणतात. मला हा फिल्टर पहिल्यांदा समजावून सांगितला तेव्हा इंग्रजीत सांगितला आणि काही कळलं नाही. मग माझ्या डोक्यात आलं, अरे, ही कणीक. पखवाजाच्या धुमाला ओली कणीक थापली की आवाज खाली बसतो, टणटण जाते आणि घुमारा उरतो. थोडी काढली की परत वर. आपले पखवाजी हाताच्या अंगठ्याने जे करतात ते मूगची पेटी बटणाने करते. अगदी शास्त्रशुद्ध तुलना नाही, सर, मला ठाऊक आहे. कणकेने पुडीचं वजन वाढतं आणि फिल्टर वरचे स्वर गाळतो. पण मला त्या दिवशी समजलं ते असं.

हे यंत्र १९६९ साली अहमदाबादला आलं. एनआयडीत गीताबेनच्या पुढाकाराने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला, देशातला पहिला. तो उभारायला डेव्हिड ट्यूडर आला. केजची ती न वाजवायची रचना पहिल्यांदा ज्याने न वाजवली तो पियानोवादक हाच. ओळख जुनी होती. १९६४ साली मर्स कनिंगहॅमच्या नृत्यमंडळींबरोबर केज आणि ट्यूडर अहमदाबादला येऊन गेले होते. आणि १९६९च का, बघा: त्याच वर्षी १५ ऑगस्टला विक्रमभाईंची इस्रो स्थापन झाली. एका भावंडाचं अग्निबाण, दुसऱ्याचं मूग. आपण तेव्हा सहा वर्षांचे होतो, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी वीजसुद्धा नव्हती. ट्रान्झिस्टरवर पणजी आकाशवाणी लागली तर दिवस बरा गेला.

गीताबेनबरोबर तिथे चारपाच जण काम करत. आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, गायक अतुल देसाई, आणि जिनराज जोशीपुरा नावाचा एक कोवळा विद्यार्थी, ज्याने आपल्या रचनेला 'स्पेस लाइनर २००१' असं नाव दिलं. विशीतला मुलगा, चंद्रावर माणूस नुकताच उतरलेला, दुसरं काय नाव देणार! देसाईंनी १९७०च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनासाठी ध्वनिमुद्रणं केली. म्हणजे चित्र, प्रदर्शन, नाच यांच्या जोडीला आवाज, असाही विचार तिथे होता. आता त्याला मल्टिमीडिया म्हणतात. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर मंडळी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून, वाद्याच्या साथीने गात कथा सांगतात, ती चित्रकथी दुसरं काय आहे? परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्यातल्या निम्म्या लोकांना पिंगुळीत हे चालतं याचा पत्ता लागला. मलाही मुंबईत बसून वर्तमानपत्रातच कळलं. असो.

तर या लोकांनी तीन-चार वर्षं काम केलं. १९७२नंतर ते थांबलं. रिळं कपाटात गेली. मूग बंद पडला. आणि हे असं काही या देशात झालं होतं, हेच लोक विसरले. माझ्यासारखा माणूस, ज्याचा हा धंदा, त्याला चाळीस वर्षं हे माहीत नव्हतं. भारतातलं इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे सिनेमातली गाणी, असंच आम्ही धरून चाललो होतो. गीताबेन २०११ साली गेल्या. त्यानंतर काही वर्षांनी पॉल पर्गस नावाचा लंडनचा संगीतकार एनआयडीत आला, त्याला संग्रहात ही रिळं सापडली. त्याने ती साफ केली, डिजिटल करून घेतली. २०२० साली बीबीसीवर त्याचा कार्यक्रम झाला आणि २०२३ साली निवडक रचनांचा संग्रह निघाला. त्यात गीताबेनच्या रचना आहेत. नाव काय, तर नुसतं 'गीताबेनची रचना', क्रमांक घालून. शीर्षकाची हौस नाही.

मी तो संग्रह ऐकला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. ऐकताना मला त्या बाईंपेक्षा त्या रिळांचा विचार जास्त येत होता. पन्नास वर्षं कोणी त्यांना हात लावला नाही, त्यावर दुसरं काही भरलं नाही, म्हणून ती वाचली.

आता मी जे सांगणार आहे ते काल रात्री सांगायचं होतं, पण सगळे हसत होते, म्हणून ठेवलं.

आपल्या निरोप समारंभाला मी एक कॅसेट रेकॉर्डर आणला होता, आठवतो का? काका बोटीवर होते, त्यांनी आणलेला. काळा, पुढे पियानोसारखी बटणं. तेव्हा आपला जिल्हाही अजून रत्नागिरी होता. मी तो पेटीमास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि सगळा कार्यक्रम भरला. त्यात आपला पखवाजवाला वाजला होता. मागच्या बाकावरचा, बाक वाजवला म्हणून आठवड्यातून दोनदा वर्गाबाहेर जाणारा. मी त्याचं नाव घेत नाही. त्याची धाकटी बहीण आज समोर बसली आहे आणि तिला रडवायचं नाही. त्याने त्या दिवशी वीस मिनिटं वाजवलं. चौताल. सर उठून त्याच्याजवळ गेले होते, पाठीवर हात ठेवायला. पुढे तीन वर्षांत तो गेला, ते तुम्हाला माहीत आहे. त्याचा फोटो आहे. शाळेच्या गटात, तिसऱ्या रांगेत, डोळे मिटलेला. त्याच्या वाजवण्याची मात्र जगात एकच नोंद होती, आणि ती माझ्याकडे होती.

१९८० साली मी त्या कॅसेटवर बिनाका गीतमाला भरली.

दुसरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते, हे खरं आहे. पण ते कारण मी नंतर शोधलं. त्या वेळी मला वाटलंच नाही की हे पुन्हा लागेल. तो होता ना! रोज संध्याकाळी चिवला वेळेवर रापण लागली की तिथे भेटत होता. ज्याला ऐकायचंय तो जाऊन ऐकेल, त्याची कॅसेट कशाला? कॅसेटच्या पाठीला दोन प्लास्टिकच्या टिकल्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही. नखाने मोडतात. मी त्या मोडल्या नव्हत्या. पुढे पस्तीस वर्षं लोकांचे आवाज सांभाळायचे पैसे घेतले मी, आणि प्रत्येक कॅसेटची टिकली मोडताना मला ही आठवली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याच्या आईला तर नाहीच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घराचा माळा उतरवला तेव्हा ती कॅसेट सापडली. पांढरी बुरशी धरलेली. इथे एक कामाची गोष्ट सांगतो, मध्येच, कारण नंतर राहून जाईल. बुरशी धरलेली कॅसेट तुमच्या घरातल्या यंत्रात लावून बघू नका. बुरशी यंत्राच्या डोक्याला लागते, फीत अडकते, तुटते आणि पुढच्या दहा कॅसेटींना तो रोग लागतो. पाण्याने धुऊ नका. उन्हात वाळवू नका. तशीच कोरड्या डब्यात घाला आणि माझ्याकडे द्या. तुमच्या माळ्यावर काय काय आहे याची तुम्हाला कल्पना नाही. कोणाकडे आजीच्या जात्यावरच्या ओव्या असतील. कोणाकडे जत्रेतला दशावतार, ज्यातले सगळे नट आता गेले. रापण ओढताना जी हाक देत, ती कोणी कधी भरली असेल तर मला आज संध्याकाळपर्यंत सांगा. रापणी कमी झाल्या, आहेत तिथेही ती हाक आता क्वचित. मी मालवणात महिनाभर आहे. पैसे नकोत. डिजिटल प्रत तुम्हाला देईन, एक शाळेच्या वाचनालयात राहील. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे.

तर माझी कॅसेट. आठ दिवस ती नुसती कोरडी केली. मग हाताने उलगडून, पुसून, दुसऱ्या खोक्यात बसवली. लावली. गीतमाला. गाणी सगळी तुम्हाला पाठ आहेत. पहिली बाजू संपली, दुसरी सुरू झाली. गाणी संपली तिथे मी तेव्हा बटण बंद केलं असणार, कारण एक 'टक' असा आवाज येतो. त्यापुढे फीत थोडी उरली होती. तिच्यावर गीतमाला पोचली नव्हती. तिथे खालचं, पहिलं, तसंच राहिलं आहे.

किती? एक्केचाळीस सेकंद.

वाजवणं नाही त्यात. आधीच सांगतो, नाहीतर निराश व्हाल. पहिल्या बाजूवर वादन होतं, ते गेलं. दुसऱ्या बाजूच्या शेवटी नाटुकल्याच्या साथीची तयारी आहे. गठ्ठ्यावर हातोडीचे चार ठोके ऐकू येतात. मग कोणीतरी विचारतं, "कणीक खंय ठेवलंस?" तो प्रश्न विचारणारा मी आहे असं मला वाटतं, आवाज अजून फुटायचा होता. त्याचं उत्तर येतं, तीन शब्दांचं. मग डाव्या पुडीवर थापटल्याचा ओला आवाज, एकदा, दोनदा. सूर खाली उतरतो, मध्येच थांबतो, आणखी थोडा उतरतो. मग बाई म्हणतात, "गप रवा रे." आणि फीत संपते.

ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी पाच मिनिटं बाहेर गेलात तरी चालेल. ताई, तू बस. पंखे जरा बंद करा. हं, चालू कर रे.

(यानंतर ध्वनिफीत ऐकवण्यात आली. सभागृहाच्या विनंतीवरून ती दोनदा ऐकवली.)